निषादापाशी

महांतप्पानं रेडिओच्या डोक्यावर थाप मारली ती मला लागली. बशी तोंडाशी नेलेली तशीच कलली, चहा धोतरावर सांडला, आणि मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "अहो राहू द्या! बंद पडला नाही तो!" पण तोवर त्यानं रेडिओचा कान पिळला होता आणि दुसऱ्याच कुठल्या स्टेशनावर सिनेमातली बाई गायला लागली होती. "बंदच की हो मास्तर," महांतप्पा म्हणाला. एसटी स्टँडासमोर त्याचं हॉटेल. गिऱ्हाईक म्हणजे गाडीची वाट बघणारी माणसं, त्यांना कानाशी काहीतरी वाजतं लागतं. "मघापासून नुस्ती तुणतुण चाललीय. गाणारा गप झाला. किती वेळ वाट बघायची माणसानं?" बाकावरचे हसले. मीही हसलो असेन, सवयीनं. मी मुलींच्या शाळेत प्रार्थना, स्वागतगीत आणि राष्ट्रगीत शिकवतो. उस्मानाबादेत मला कुणी गवई म्हणून ओळखत नाही आणि ओळखावं असं मी काही केलेलंही नाही. पण त्या घटकेला महांतप्पाची बंडी धरून त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. अरे गाढवा, तो गाणारा गप झाला नव्हता. तो निषादावर उभा होता.

आता निषाद म्हणजे काय हे महांतप्पाला कुठून समजावू. सा रे ग म म्हणत वर जाताना शेवटचा येतो तो नी. माझ्या शाळेतल्या पाचवीच्या पोरीसुद्धा नी म्हणून थांबत नाहीत. नी म्हटला की वरचा सा आपसूक तोंडात येतो. दाराशी आलेला माणूस उंबऱ्यात पाय टाकतोच. तर त्या उंबऱ्याशी उभं राहायचं, आत पाय टाकायचा नाही, आणि मागं तंबोरे चालू ठेवायचे. निवेदकानं सुरुवातीलाच नाव सांगितलं होतं, मरहूम उस्ताद खाजामियाँ, राग मुलतानी. पण नाव सांगितलं नसतं तरी, त्यांनी गळा साफ केला त्यावरूनच मी ओळखलं असतं. पंधरा वर्षं तो आवाज ऐकला नव्हता. माणूस मातीत गेल्याला तीन वर्षं झाली होती. आणि स्टँडासमोरच्या हॉटेलात, भज्यांच्या वासात, दुपारच्या पावणेपाचला तो आवाज सावकाश वर चढत माझ्याकडं आला, निषादापाशी येऊन थांबला, थांबूनच राहिला, आणि महांतप्पानं त्याला बंद पडला म्हणून थाप मारली. पुढं त्यांनी सा घेतला की नाही? मला एवढंच हवं होतं. लोक म्हणतील, त्यात काय एवढं. माझं सगळं आयुष्य त्या एका जागेशी अडकून पडलेलं आहे, सन शेहेचाळीसपासून.

घरी जाताना मी नेहमीप्रमाणे लांबून गेलो. दर्ग्याच्या मागल्या गल्लीतून गेलं की माझं घर चार पावलांवर आहे. पण त्या गल्लीत खाँसाहेबांचं घर होतं, आता तिथं कुणी सुताराचं दुकान काढलंय म्हणतात, मी बघितलं नाही. शरणम्मा, माझी बायको, म्हणते, तुम्हाला पायांचा काय वैताग आलाय का हो. आला तर आला. मी सतरा वर्षांचा असताना लोहाऱ्याहून माझे वडील मला त्या गल्लीत घेऊन आले होते. आमचा धान्याचा व्यापार. पण माझ्या गळ्याचं वेड घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि वडिलांनी हात टेकले होते. त्यांनी एकच अट घातली, पोरगा तुमच्या घरचं शिजलेलं खाणार नाही. खाँसाहेब म्हणाले, गाना तो पका हुआच खाएगा ना? वडिलांना ते कळलं नाही, ते हौ हौ म्हणाले. मग माझं नाव विचारलं. कल्याणप्पा म्हणताच ते मांडीवर थाप मारून हसले, "रागाचं नाव घेऊनच आलाय की हो हा! आता मी काय शिकवू?" आणि त्यांच्या बीबीनं, बिस्मिल्लाबीनं, ज्यांना पुढं चौदा वर्षं मी अम्मा म्हणालो, अंगणाच्या कोपऱ्यात माझ्यासाठी तीन दगडांची चूल मांडून दिली आणि एक तांब्याची तपेली काढून ठेवली. त्या तपेलीला त्यांनी कधी हात लावला नाही. पाण्याची घागर विहिरीहून आणली तरी माझ्या घागरीत मला माझं ओतून घ्यायला लावायच्या. गळ्यात आमच्या लिंगाचा शिवदारा आणि मनगटावर खाँसाहेबांनी बांधलेला शागिर्दीचा गंडा, असा मी एका अंगणात दोन्ही सांभाळून वाढलो. आणि खरं सांगतो, त्या तपेलीतल्या करपलेल्या खिचडीसारखी चव पुन्हा कधी लागली नाही.

पहिली दोन वर्षं मी गायलो नाही, नुसता तंबोरा धरून बसलो. लोकांना वाटतं तंबोऱ्याला काय, चार तारा, एकामागून एक छेडायच्या. खाँसाहेब डोळे मिटून बसायचे आणि मधेच विचारायचे, "आया?" खर्जाची तार छेडली की तिच्या पोटातून गंधार ऐकू येतो, कुणी न छेडलेला. तो ऐकायचा. मला ऐकू यायचा नाही. कंटाळून एकदा खोटंच हौ म्हणालो, तर त्यांनी एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग एका सकाळी अंगणात अम्मा गहू पाखडत होत्या, सुपाचा तो फट् फट् आवाज चालला होता, आणि त्याच्यामागं, तारेत, तो गंधार आला. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. "आया," खाँसाहेब म्हणाले, या वेळी विचारलं नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी. त्यांच्या घराण्यात शागिर्दाचं तोंडावर कौतुक करत नसत आणि शागिर्दानं उस्तादाला का म्हणून विचारायचं नसे. हे दोन नियम मला कुणी सांगितले नव्हते, ते त्या अंगणाच्या हवेतच होते. गाणं पुढं आलं. रोज आलं, बारा वर्षं आलं. पण मैफलीत मी बसलो तो मागंच. त्यांच्या डाव्या खांद्यामागं मी आणि उजव्या खांद्यामागं त्यांचा पुतण्या पाशामियाँ. मागं बसणाऱ्याला गाणाऱ्याचं तोंड दिसत नाही, मान दिसते. चौदा वर्षं मी ती मान वाचली. मान डावीकडं जराशी कलली की मी एखादा सूर लावायचा, त्यांना दम घेऊ द्यायचा, आणि गप व्हायचं. न कलली तर तोंड उघडायचं नाही. मेलं तरी नाही.

शाळेत दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला दीडशे पोरी उभ्या होत्या आणि मी पेटीवर बोट ठेवून नुसता बसलो. हेडबाई दोनदा खाकरल्या. मला शेहेचाळीसचं नळदुर्ग दिसत होतं. जहागीरदारांचा बंगला, माघातली दुपार, खिडक्यांना वाळ्याचे पडदे नाहीत कारण अजून ऊन मऊ होतं, जाजमावर अत्तर आणि पानाचा वास. दुपार कलली म्हणून खाँसाहेबांनी मुलतानी धरली होती. मुलतानीत सगळं ओढलेलं, कोमल, दुखरं, आणि चढताना तो शुद्ध निषाद असा येतो की समोरच्याचा जीव टांगला जातो. दोनदा ते निषादापर्यंत जाऊन परतले. लोक पुढं सरकले. तिसऱ्यांदा गेले, थांबले, आता सा येणार हे सगळ्या बंगल्याला कळलं, आणि त्याच वेळी मला त्या आवाजात एक बारीकशी चीर ऐकू आली. सुताएवढी. दुसऱ्या कुणालाही आली नसेल, पाशालाही नाही. त्यांच्या कानाची पाळी लाल झाली. मान ताठ होती, कललेली नव्हती, हे मी बघितलं, देवाशपथ, बघितलं. आणि सा माझ्या तोंडातून गेला. मी लावला असं म्हणवत नाही मला. गेला. आणि गेला तो असा गेला की तसा तो माझ्या गळ्यातून कधी गेला नव्हता. गोल, सरळ, भरलेला, छातीत दम होता तोवर उभा. बंगला उठला. वाह वाह म्हणून लोकांनी हात उंचावले, आणि ते हात माझ्याकडं होते. खाँसाहेबांच्या मागं बसलेल्या माणसाकडं.

मग दम संपला आणि मला कळलं मी काय केलं ते. ते थांबले असतील तर? ती चीर माझ्या कानाची असेल तर? निषादावर आणखी थोडं उभं राहून, सगळ्यांना तळमळत ठेवून, सा ते तंबोऱ्यालाच बोलायला लावणार असतील तर? मी आत घुसलो होतो. ताटात वाढलेलं दुसऱ्यानं उचलून खावं तसं केलं होतं मी. खाँसाहेबांनी वळून बघितलं नाही. माझ्या सा वरूनच त्यांनी तान उचलली, खाली आले, आणि पुढं अर्धा तास असं गायले की आठवलं की अजून अंगावर काटा येतो. संपल्यावर ते वळले, दोन्ही हातांनी माझ्या मांडीवरचा तंबोरा काढून घेतला, स्वतः त्याच्यावर गवसणी चढवली, आणि तो पाशामियाँच्या हातात दिला. माझ्याकडं बघितलं नाही. सगळ्यांसमोर. पाशा माझ्याकडं बघत होता, डोळे भरलेले. मला वाटलं, कीव करतोय. मोटारीत उस्मानाबादेपर्यंत कुणी बोललं नाही. मी रिकामे हात मांडीवर ठेवून बसलो होतो, आणि हात असे हलके लागत होते की ते कुठं ठेवावेत ते कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी खाँसाहेब मशिदीत गेले तेवढ्यात मी माझं बोचकं बांधलं, तपेली घासून चुलीपाशी पालथी घातली आणि लोहाऱ्याची गाडी धरली. अम्मा आत भाकरी थापत होत्या. मी त्यांनाही सांगितलं नाही. एकतीस वर्षांचा घोडा होतो, पण त्या दिवशी वागलो पोरासारखा.

"सर, सुरू करायचं?" पहिल्या रांगेतली एक पोरगी म्हणाली. मी पेटी दाबली, पोरी गायल्या, बेसूरच गायल्या, आणि मला त्यांचं नेहमीसारखं हसू आलं नाही. लोहाऱ्यात दुकानाच्या गल्ल्यामागं बसलो तेव्हापासून मी गायलो नाही, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. सुरुवातीला वाटायचं, बोलावणं येईल. मग वाटायला लागलं, येऊ नये. मग अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर आला, पुलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि त्यानंतरच्या दिवसांत गावोगाव मुसलमान वस्त्यांचं जे झालं ते ज्यांनी बघितलं ते त्याच्याविषयी बोलत नाहीत. उस्मानाबादेकडून काहीबाही कानावर यायचं. दर्ग्याच्या मागल्या गल्लीचं नावसुद्धा एकदा आलं. बैल होते, गाडी होती, रस्ता मला डोळे मिटून ठाऊक होता. मी ज्वारीच्या पोत्यांमागं बसून राहिलो. भीतीनं म्हणा, पण भीतीच्या तळाशी आणखी एक होतं, आणि ते जास्त वाईट होतं. माझ्या मनात आलं होतं, ज्यानं माझ्या हातातला तंबोरा काढून घेतला त्याच्या दारात मी का जाऊ. असला विचार त्या दिवसांत ज्याच्या मनात आला त्यानं पुढं मुलींना प्रार्थना शिकवायच्या, ह्याला काय म्हणावं. खाँसाहेब हैद्राबादला गेल्याचं कळलं. मग मी शाळेच्या नोकरीसाठी उस्मानाबादेत परत आलो. पुढं ते तिथंच वारल्याचं कळलं. आणि शाळेच्या हळदीकुंकवाला बांगड्या भरायला आलेल्या प्रेमाबाई कासारणीकडून हेही कळलं की बिस्मिल्लाबी येडशीला भावाच्या घरी परत आल्यात. येडशी इथून मोटारीनं तासाभराची. त्या तासाभराला मला तीन वर्षं लागली, आणि महांतप्पानं थाप मारली नसती तर आणखी लागली असती.

रविवारी गेलो. शरणम्माला म्हणालो, रामलिंगाच्या देवळाला जाऊन येतो. खोटं नव्हतं, वाट तीच. स्टेशनाच्या अलीकडं कुंभाराच्या घराशेजारी बुटक्या छपराचं घर, असं प्रेमाबाईनं सांगितलेलं. छोटी गाडी नुकतीच गेली असावी, फलाटावरून गाठोडी घेऊन माणसं येत होती. दार उघडंच होतं. ओट्यावर एक म्हातारी सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत बसली होती. तेवढी लहान बाई मी कधी बघितली नव्हती. मग तिनं मान वर केली आणि त्या अम्मा निघाल्या.

"कोन हाय?"

"मी कल्याण, अम्मा."

त्यांनी एक खडा उचलला, बघितला, बाजूला टाकला. "लोहाऱ्याचा?"

"हौ."

"बस," त्या म्हणाल्या. बसलो. त्या खडे निवडत राहिल्या. मी घरून काय काय ठरवून आलो होतो, पाया पडायचं, माफी मागायची. त्यातलं काही झालं नाही. मग त्यांनीच विचारलं, "पानी पितूस? का माझ्या हातचं अजून चालत न्हाय?" मी ओंजळ पुढं केली. त्यांनी तांब्या आणला, ओंजळीत न ओतता माझ्या हातात दिला. मी तोंड लावून सगळा प्यालो. त्यांनी ते बघितलं आणि पुन्हा सूप ओढलं.

मी रेडिओचं सांगितलं. महांतप्पाचं सांगितलं, तो कसा थाप मारून म्हणाला बंद पडला, तर त्या हसल्या, दातांशिवाय, खळखळून. "खरं हाय त्याचं. तिथं रेडिओ स्टेशनात गानं भरून घेतलं तवा काचेमागचा मानूसबी उठून उभा राहिला म्हनं, त्याला वाटलं ह्यांना काय झालं. म्या भायेर बाकावर हुते. पाशानं सांगितलं."

"मग पुढं, अम्मा? सा घेतला का त्यांनी?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय. थांबले. लई थांबले. आन तसंच खाली आले." त्यांनी सूप एकदा पाखडलं. "नळदुर्गापासनं कधीच घेतला न्हाय त्यांनी त्यो. हैद्राबादेत लोक वाहवा करायचे, म्हनायचे, खाँसाहेबांची ही काय खुबी हाय, जीव टांगून सोडतेत. खुबी कशाची आलीया! तुझ्या नळदुर्गाच्या आधी दोन महिने गळा दगा द्यायलता. मिठाच्या गुळण्या करायचे, हळदीचं दूध घ्यायचे, पाशाला कळू देऊ नको म्हनायचे. वरचा सा लावायचं भ्या वाटायचं त्यांना. आन पुढं मात्र भ्या न्हवतं. पुढं ते थांबायचे ते वाट बघत. मान अशी डावीकडं व्हायची." त्यांनी आपली मान कलती करून दाखवली, आणि मला ती मान दिसली, पांढरे केस कापलेली, कानाची पाळी. "तिकडं पाशा बसायचा आता. बिचारा खाली बघायचा. त्याला ठावं होतं, हे त्याच्यासाठी न्हाय."

चीर होती तर. मी ऐकली ती खरी होती. पंधरा वर्षं मी ज्या चिरेविषयी माझ्याच कानाशी भांडत होतो ती होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि झाला तो संताप, आवाज चढला माझा. "मग माझ्या हातातला तंबोरा का काढून घेतला त्यांनी, अम्मा? सगळ्यांसमोर! चौदा वर्षं वाजवला मी तो. एका सुरासाठी हाकलून दिलं मला!"

अम्मांचा हात पहिल्यांदा थांबला. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी काही भलतंच बोललोय. "काढून घेतला," त्या म्हणाल्या. "मग? काढूनच घेतेत की."

"म्हणजे?"

"आरं देवा. आमच्या घराण्यात शागिर्दाला तोंडानं म्हनत न्हाईत, तू आता गा म्हनून. नजर लागती. तंबोरा त्याच्या हातातनं काढून घ्यायचा, बस. मग त्यानं मागं बसायचं न्हाय. म्होरं येऊन गायचं. ह्यांच्या उस्तादानं ह्यांचा असाच घेतला, माझ्या बापाच्या अंगनात, आमचं लगीन ठरायच्या आधी. दारामागनं बघितलं म्या. हे रडले हुते. त्या दिशी नळदुर्गाहून आले आन मला म्हनले, बीबी, उद्या कल्याणकू सामने बिठाना है, गादी निकाल. म्या गादी काढली, पेटीतली चादर काढली. सकाळी बघते तर तुझी तपेली पालथी."

मी ओट्याचा खांब धरला. पाशाचे डोळे भरले होते ते कीव नव्हती. त्याचा हक्क होता, तो पुतण्या होता, आणि गादी माझी होती. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं होत असेल का? मालक माणसाला वर चढवतो आणि माणूस हाकलला म्हणून पळून जातो. "तुला ठावं न्हवतं?" अम्मा विचारत होत्या. "इचारलं का न्हाईस रे?"

"विचारायची रीत नव्हती, अम्मा."

"आन सांगायची बी न्हवती," त्या म्हणाल्या, आणि सुपातली ज्वारी त्यांनी रागानं हलवली. "येडे दोघंबी. म्या म्हनले, लोहाऱ्याला मानूस धाडा. म्हनले, जिसकू गाना है वो आपीच आता. पुलिस ॲक्शनात गल्लीतली लोकं जीव घेऊन पळायली, आन हे दोन दिवस मला दाराला कडी लावू देईनात. कल्याण आयेगा, म्हनायचे. आवं, म्या म्हनले, दुनिया पळायलीया आन तुमी शागिर्दाची वाट बघायलाव? तिसऱ्या दिशी पाशानं ह्यांना उचलून गाडीत घातलं."

मग मी त्यांना सांगितलं. पोती, बैल, गाडी, आणि माझ्या मनात आलेलं ते. ते मी शरणम्मालाही कधी सांगितलेलं नाही. अम्मा ऐकत होत्या आणि खडे निवडत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, "आला असतास तर तुझं बी काय खरं न्हवतं." त्यांनी माफ केलं की नाही ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. जन्माची खोड, ती एका दिवसात जात नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. दुपार कलायला लागली होती, मुलतानीची वेळ, आणि मला त्यांची इतकी आठवण आली, त्या गळा साफ करण्याची, त्या एका उघड्या डोळ्याची, की मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिलो.

"गा," अम्मा म्हणाल्या.

"मी गात नाही, अम्मा. शाळेत प्रार्थना शिकवतो."

"मग प्रार्थना गा. मला बाईला काय कळतंय त्यातलं."

तंबोरा नव्हता, तो पाशाकडं हैद्राबादेत. हातात काही नसताना गायचं मला ठाऊक नव्हतं. मी हात मांडीवर ठेवले. रिकामे हात, नळदुर्गाहून परतताना होते तसेच. डोळे मिटले आणि खालचा सा लावला. खरखरला. पुन्हा लावला. मग मुलतानी आली, आपण होऊन, घर सोडून गेलेलं जनावर वाट ओळखत परत यावं तशी, एकेक सूर हुंगत. आवाज माझा नव्हताच, खडू खाऊन खाऊन बसलेला मास्तरचा आवाज, पण जागा त्यांच्या होत्या, एकेक जागा, मी काही विसरलो नव्हतो. वर चढलो. दोनदा निषादापर्यंत जाऊन परतलो. तिसऱ्यांदा गेलो आणि तिथं उभा राहिलो, आणि मला कळलं, पुढं काही नाही. सा नाही माझ्याकडं. छातीत दम होता, मनात सूर लखलखीत होता, आणि गळ्यात चीर, सुताएवढी. कानाच्या पाळ्या तापलेल्या. त्या बंगल्यात त्यांना काय झालं असेल ते मी पंधरा वर्षं बाहेरून विचारत होतो. ते आता मला आतून कळत होतं. इथं माणूस किती एकटा असतो. इथं मागून कुणी यावं म्हणून माणूस काय देणार नाही. मी चोरी केली नव्हती. मी निषाद सोडला नाही, धरून राहिलो, आणि माझी मान, मी ठरवलं नव्हतं, डावीकडं कलली.

आणि सा आला. बारीक, थरथरता, म्हातारा, पण सरळ. सुईच्या नेढ्यातून दोरा जावा इतका नेमका. मी डोळे उघडले. बिस्मिल्लाबी सुपाकडंच बघत होत्या. हातात एक खडा धरलेला तसाच होता, टाकायचा राहिलेला, आणि तोंड जरासं उघडं. चाळीस वर्षं दारामागं, चुलीमागं, बाकावर बसून ऐकलेला सा त्यांनी लावला होता आणि माझ्यासाठी धरून ठेवला होता. त्यांच्या मानेची शीर दिसत होती. दम किती तो त्या वयात. त्यांनी डोळ्यानंच खुणावलं, थांबू नको, म्होरं जा. माझे डोळे वाहत होते, ते मी पुसले नाहीत. त्यांचा दम संपायच्या आत मी तिथून तान उचलली.